खंडी कुठली? : एका कंपाइल एररचा इतिहास

आमच्या अकोटला शेतकऱ्याच्या कापसाचा भाव क्विंटलवर बोलतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या, की सौदा खंडीवर जातो. ही मुंबईची खंडी, ७८४ पौंडांची, म्हणजे साधारण ३५६ किलो. मद्रासची खंडी ५०० पौंडांची होती. त्यामुळे जुन्या कागदावर नुसतं 'खंडी' दिसलं, तर आधी विचारावं लागतं : कुठली?

जुनी ओपन सोर्स लायब्ररी कंपाइल करताना तुमच्यासमोरही हाच प्रश्न येईल. कंपाइलर म्हणेल, 'इंट३२' या नावाचे दोन टाइप जुळत नाहीत. घाबरू नका, आधी त्याचा इतिहास बघा.

सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकानुसार 'इंट' किमान १६ बिटांचा आणि 'लाँग' किमान ३२ बिटांचा असतो. नेमकं माप कंपाइलरवर सोडलेलं. १९९१ मध्ये जेपीईजी चित्रांसाठी लिबजेपेग आली. तिला डॉसपासून युनिक्सपर्यंत सगळीकडे चालायचं होतं, म्हणून तिने 'लाँग'लाच 'इंट३२' नाव दिलं. पण एक्स विंडोच्या हेडरमध्येही हेच नाव होतं आणि विंडोजच्या हेडरने ते 'इंट'ला दिलं. विंडोजवर दोन्ही ३२ बिटांचेच, तरी सी भाषेच्या लेखी ते वेगळे टाइप. म्हणून गाडी अडते.

लिबजेपेगच्या अलीकडच्या आवृत्तीतली 'जेमोरकॉन्फिग.एच' फाइल उघडून पाहा. त्या एका व्याख्येभोवती अटींचे थर आहेत : एक्स विंडोसाठी, मायक्रोसॉफ्टसाठी, मिनजीडब्ल्यूसाठी, क्यूटीसाठी. त्या टक्करी कुठे कुठे झाल्या, याचं हे दप्तरच समजा.

१९९९ च्या प्रमाणकात 'स्टडइंट.एच' आलं आणि नेमक्या ३२ बिटांसाठी 'इंट३२_टी' हे सामायिक नाव मिळालं. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरसोबत ते हेडर मात्र व्हिज्युअल स्टुडिओ २०१० मध्येच आलं. मधल्या काळात ज्याची त्याची खंडी चालूच राहिली. वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये होऊनही रुईच्या व्यापारातून खंडी कुठे गेली?

खरं सांगू? एरर आली तर नशीब समजा. ६४ बिट लिनक्सवर 'लाँग' ८ बाइटांचा असतो, ६४ बिट विंडोजवर ४ बाइटांचा. पहिल्या वर्षी मी लिनक्सवर लिहिलेली बायनरी फाइल विंडोजवर वाचत होते. एरर नाही, काही नाही, फक्त दर दुसरा आकडा शून्य. सेन्सर बिघडलाय असं मी गाइडना सांगूनही बसले. तीन आठवडे गेले. सेन्सर ठणठणीत होता.

म्हणून तुमच्या कोडमध्ये नेमक्या मापाचेच टाइप वापरा. भांडणारी दोन हेडरं शक्यतो एकाच सोर्स फाइलमध्ये घेऊ नका. सिस्टीमच्या हेडरला तर हातच लावू नका. आणि प्रबंधात कंपाइलर आणि प्लॅटफॉर्म नक्की नोंदवा. तुमचे आकडे पुन्हा काढून पाहणाराही आधी हेच विचारणार आहे : खंडी कुठली?