बालपणातील लठ्ठपणा व हृदयरोग : बोगालुसा ते पुणे

प्रस्तावना :
गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल, ही धारणा मराठी घरांत खोलवर रुजलेली आहे. हृदयविकार मात्र उतारवयाचा आजार मानला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकीय संशोधनाने या दोन्ही समजुतींना धक्का दिला. हृदयरोगाचे मूळ बालपणात कसे शोधले गेले आणि त्या शोधात पुण्यातील संशोधनाने कोणती भर घातली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

रणभूमीवरील पुरावा :
१९५३ मध्ये एनॉस, होम्स व बेयर या अमेरिकन डॉक्टरांनी कोरियन युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ३०० सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सैनिकांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते. तरीही ७७ टक्के सैनिकांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या. विशीतच विकार इतका पसरला असेल, तर त्याचा प्रारंभ त्यापूर्वी केव्हातरी झालेला असला पाहिजे, हे उघड होते. परंतु १९४८ मध्ये सुरू झालेला फ्रॅमिंगहॅमचा विख्यात अभ्यास प्रौढांपुरताच मर्यादित होता.

बोगालुसाचा अभ्यास :
ही उणीव अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील बोगालुसा या छोट्या गावाने भरून काढली. याच गावात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांची तपासणी सुरू केली. वजन, उंची, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या गेल्या. पुढे अपघातादी कारणांनी मृत्यू पावलेल्या २ ते ३९ वर्षे वयाच्या २०४ व्यक्तींच्या धमन्या तपासण्यात आल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वा चार जोखीमघटक असलेल्यांच्या हृदयधमन्यांतील मेदरेषांचे प्रमाण एकही घटक नसलेल्यांच्या साडेआठ पट होते. दरम्यान १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी रक्तदाब, रक्तातील मेद व साखर यांतील बिघाडांमागे इन्शुलिनला होणारा प्रतिरोध हा समान दुवा असल्याचे मांडले होते. त्यामुळे लठ्ठपणा हा केवळ वजनाचा प्रश्न न राहता चयापचयाचा प्रश्न ठरला.

पुण्याची भर :
तथापि वजनाचे हे माप भारतीय मुलांना जसेच्या तसे लागू पडते काय? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास हाती घेतला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत येथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. मात्र हाडामांसाने कृश असलेल्या भारतीय बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ‘दिसायला बारीक, पण आतून मेदयुक्त’ असे हे बालक होते. २००४ मध्ये याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु याज्ञिकांच्या शरीरातील चरबी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या ९.१ टक्के होती.
२००८ मधील निष्कर्षांनी प्रश्न आणखी मागे नेला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. २०१२ मध्ये याच अभ्यासातील किशोरवयीन मुलामुलींना, म्हणजेच भावी मातापित्यांना, ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला.

निष्कर्ष :
अमेरिका, फिनलंड व ऑस्ट्रेलियातील सुमारे ३८ हजार व्यक्तींच्या २०२२ मधील संयुक्त अभ्यासाने बालपणीच्या जोखीमघटकांचा प्रौढपणीच्या हृदयविकाराशी असलेला संबंध दृढ केला. बोगालुसाने हृदयरोगाचा आरंभ बालपणात दाखविला, तर पुण्याने तो मातेच्या पोषणापर्यंत मागे नेला. म्हणून स्थूल मुलाच्या खादाडपणाला दोष देऊन वा कृश मुलाविषयी निश्चिंत राहून भागणार नाही. भारतात कुपोषण व लठ्ठपणा हे दोन स्वतंत्र प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हाच या इतिहासाचा बोध होय.