अर्धवट रस्ता आणि मोजलेली नदी

ब्राझीलमधल्या पांतानाल आणि बोनितोची सहल आखायला बसलात, तर कुठलंही गाईडबुक दोन गोष्टी सांगतं: पांतानालला कोरड्या हंगामात, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबरमध्ये जा, आणि बोनितोचं बुकिंग आधीच करून ठेवा. पर्यटनाचा इतिहास हाच माझा विषय असल्यामुळे मला या सूचना जुन्या दप्तरातल्या नोंदींसारख्या वाटतात. त्या आल्या कुठून?

आधी पांतानाल. ब्राझील, बोलिव्हिया आणि पराग्वे मिळून दीड लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेली ही पाणथळ जमीन. उतार इतका कमी की उत्तरेतल्या पावसाचं पाणी दक्षिणेला पोचायला काही महिने लागतात. अशा जागी 1970च्या दशकात लष्करी राजवटीत पोकोने ते कोरुंबा असा रस्ता काढायला घेतला. नाव भारदस्त, ट्रान्सपांतानेरा. तो पोर्तो जोफ्रेला, नदीकाठी, साधारण 145 किलोमीटरवर थांबला तो थांबलाच.

पण गंमत बघा. रस्त्याचा भराव घालायला माती शेजारूनच खणली होती. त्या खड्ड्यांत कोरड्या दिवसांतही पाणी टिकतं, मासे अडकतात, आणि त्यांच्यामागे बगळे, करकोचे आणि केमन, म्हणजे मगरीचे भाऊबंद, येतात. आज जग्वार बघायला जाणारे याच धुळीच्या रस्त्याने, पुलांमागून पूल ओलांडत जातात. याच केमनांची 1970 आणि 80च्या दशकांत कातड्यांसाठी प्रचंड चोरटी शिकार झाली, व्यापारी शिकारीवर 1967च्या कायद्याने बंदी असूनही! फसलेला रस्ता आता पर्यटनाचा कणा झालाय. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

रस्ता अर्धवट राहिल्याचा भुर्दंड मात्र आजही पडतो. पोर्तो जोफ्रेहून दक्षिणेकडे सरळ गाडीने जाता येत नाही. कुइयाबाला मागे फिरून, कांपो ग्रांदेमार्गे बोनितो गाठावं लागतं. सहलीत त्यासाठी दीड-दोन दिवस धराच.

बोनितोची गोष्ट अगदी वेगळी. इथली जमीन चुनखडकाची. पाण्यात विरघळलेला चुना गाळाच्या कणांना धरून तळाशी बसतो, म्हणून नद्या काचेसारख्या नितळ. पर्यटक वाढायला लागले तसं 1995 मध्ये इथे व्हाउचर पद्धत आली. तिकीट एजन्सीकडूनच घ्यायचं, बरोबर गाईड हवाच, आणि प्रत्येक ठिकाणी दिवसाला ठरावीकच माणसं. याला निसर्गप्रेमाचा नमुना म्हणतात खरं, पण हे व्हाउचर पालिकेच्या कराचा हिशेबही ठेवतं, हे विसरू नये. माझ्या मते ती टिकली ती त्यामुळेच. नदी नितळ राहण्यात एजन्सी, गाईड, जमीनमालक आणि पालिका या सगळ्यांचाच पैसा गुंतला.

तरीही तिचा हात नदीकाठापुरताच पोचतो. नद्यांच्या वरच्या अंगाला सोयाबीनची शेती वाढत गेली. 2018 मध्ये जोरदार पावसानंतर रिओ दा प्राता ही तिथली प्रसिद्ध नदी लाल-गढूळ झाली, तेव्हा बोट वरच्या नांगरलेल्या शेतांकडेच दाखवलं गेलं. पाण्यात उतरणाऱ्या माणसाने सनस्क्रीनही लावायचं नाही असा नियम, आणि वरून शेतंच्या शेतं वाहून येतात! तेव्हा बुकिंग करताना गेल्या आठवड्यात पाऊस किती झाला, तेही एजन्सीला विचारून घ्या.