आयांची साक्ष

ग्रहणात विळीवर बसू नये, सुई हाती धरू नये, असे गरोदर सुनेला बजावणाऱ्या आजीबाई आपल्याकडे घरोघरी होत्या. काही घरांत अजूनही आहेत. मूल व्यंग घेऊन जन्माला आले, की पहिला प्रश्न आईलाच: “ग्रहण पाळले होतेस ना?” शास्त्राने ही समजूत खोटी ठरवली, ते योग्यच झाले. परंतु वैद्यकाचीही स्वतःची एक समजूत होती. जन्मजात व्यंग बहुधा पिढीजातच असते. थोडे अपवाद सोडले तर बाहेरची बाधा वार ओलांडून गर्भापर्यंत पोचत नाही, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक डॉक्टर धरून चालत.

या समजुतीला धक्का दिला तो ऑस्ट्रेलियातील एका डोळ्यांच्या डॉक्टरने. नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग हे सिडनीचे नेत्रवैद्य. जन्म १८९२ चा. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून त्यांनी शौर्यपदकही मिळवले होते. १९४१ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. मुले अशक्त, दूध नीट न पिणारी. बऱ्याच जणांच्या हृदयातही दोष. असा मोतीबिंदू एरवी क्वचितच दिसायचा. मग पिढीजात दोष एकाच हंगामात इतक्या घरांत कसा उगवला?

असे सांगतात, की दवाखान्यात ताटकळणाऱ्या दोन आया आपसांत बोलत होत्या: गरोदरपणी आपल्याला जर्मन गोवर आला होता, त्याचा तर हा परिणाम नसेल? ते ग्रेगच्या कानी पडले. हा आजार म्हणजेच रुबेला. थोडा ताप, अंगावर पुरळ, कानामागे गाठी. तीनचार दिवसांत माणूस बरे होते. त्याला कोणी महत्त्व देत नसे. १९४० मध्ये मात्र ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेगनी मुलांच्या जन्मतारखांवरून महिने मागे मोजले. गरोदरपणाचे पहिले दिवस आणि साथीचा भर, दोन्हींचा मेळ बसला.

१५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे नेत्रवैद्यांच्या सभेत त्यांनी आपला निबंध वाचला. स्वतःची आणि सहकाऱ्यांनी कळवलेली मिळून ७८ मुले. त्यांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता. पुढे चार्ल्स स्वान आदी डॉक्टरांनी अशा मुलांतील बहिरेपणाही नोंदवला.

तरीही १९४४ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ला हा पुरावा पुरेसा वाटला नाही. मूल जन्मल्यावर आईने आठवून सांगितलेल्या हकिगतीवर शास्त्र कसे उभारावे, ही शंका तशी गैर नव्हती. तिचे उत्तर १९५१ साली लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने जुन्या खानेसुमारीत शोधले. १९११ च्या नोंदींत बहिऱ्यांची संख्या १० ते १४ या वयोगटात फुगलेली होती. १९२१ मध्ये तोच फुगवटा २० ते २४ च्या गटात सरकला होता. ही मुले १८९९ च्या सुमारास, रुबेलाच्या जुन्या साथीच्या काळात जन्मलेली. कोणाच्याही आठवणीवर न विसंबणाऱ्या या आकड्यांनी आयांच्या साक्षीला दुजोरा दिला.

१९६२ मध्ये रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करता आला. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० मुले व्यंग घेऊन जन्मली. १९६९ मध्ये लस आली. पण ती पाहायला ग्रेग नव्हते, १९६६ मध्येच ते निवर्तले होते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून रुबेलाचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. भारतात गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी लागणारी लस आपल्या पुण्यातच तयार होते. गरोदरपणी ही लस देत नाहीत. म्हणूनच ती लहानपणीच टोचायची, म्हणजे आजची चिमुरडी उद्या आई होताना निर्धास्त राहील.

आजीबाईंच्या प्रश्नात आईवर ठपका होता. ग्रेगनी विचारले ते इतकेच: कोणता आजार झाला, आणि कितव्या महिन्यात? आयांनी खरे ते सांगितले, आणि विचारणाऱ्याने ते टिपून ठेवले. पुढच्या कितीतरी मुलांचे डोळे आणि कान त्यामुळे वाचले.