टंगस्टन कार्बाइडचे सिंटरिंग

टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टने सांधून केलेल्या अतिकठीण पदार्थाला सिमेंटेड कार्बाइड म्हणतात. लेथवरच्या टिप, खाणीतले ड्रिल बिट, तार ओढण्याच्या डाय यांत तो वापरतात. ओतीव टंगस्टन कार्बाइड फार ठिसूळ निघते, म्हणून भुकटी दाबून ती भट्टीत एकजीव करावी लागते; यालाच सिंटरिंग म्हणतात. या पद्धतीचे मूळ पेटंट १९२३ मध्ये बर्लिनच्या ओस्राम कंपनीतील कार्ल श्रोटर यांच्या कामातून आले. दिव्याची टंगस्टन तार ओढण्यासाठी लागणाऱ्या महागड्या हिऱ्याच्या डायना पर्याय हवा होता. पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ नावाने विकला. भारतीय वर्कशॉपमध्ये ते नाव अजून चालते.

कार्बाइडमध्ये वजनाने बहुधा ६ ते १५ टक्के कोबाल्ट घालून मिश्रण बॉल मिलमध्ये ओले दळतात, त्यात थोडे मेण मिसळतात आणि साच्यात दाबतात. कच्चा तुकडा खडूसारखा ठिसूळ असतो. मेण काढून तो निर्वात भट्टीत १३५० ते १५००° से.पर्यंत तापवतात. शुद्ध कोबाल्ट १४९५° से.ला वितळतो, पण टंगस्टन व कार्बन विरघळल्याने तो इथे सुमारे १३००° से.लाच द्रव होऊ लागतो. हा द्रव केशाकर्षणाने फटींत शिरून कण जवळ ओढतो. लहान कण त्यात विरघळतात आणि मोठ्या कणांवर पुन्हा जमतात. तुकडा लांबी-रुंदीत १७ ते २० टक्के आक्रसतो, म्हणजे घनफळ जवळजवळ निम्म्यावर येते. साचा त्या हिशेबाने मोठा करावा लागतो.

सर्वांत नाजूक बाब कार्बनची. टंगस्टन कार्बाइडमध्ये तो वजनाने ६.१३ टक्के असतो. थोडा कमी पडला तर ठिसूळ ‘ईटा’ प्रावस्था तयार होते, जास्त झाला तर ग्रॅफाइट सुटे पडते.

एवढे करूनही एखादे सूक्ष्म छिद्र उरते आणि भाराखाली तडा तिथूनच जातो. १९५५ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत अणुइंधनाच्या आवरणासाठी शोधलेली तप्त समदाब पद्धत, म्हणजे ‘हिप’, इथे उपयोगी पडली. तीत तापलेल्या तुकड्यावर आर्गॉन वायूचा सुमारे १००० वातावरणे दाब सर्व बाजूंनी पडतो. पृष्ठभागाला जोडलेले छिद्र मात्र मिटत नाही, कारण वायू त्यातही शिरतो. मोठे छिद्र मिटताना त्यात नुसता कोबाल्ट साचण्याचाही धोका असतो. सिंटर-हिप भट्टीत म्हणून आधी निर्वातात पृष्ठभागाची छिद्रे बंद होऊ देतात. मग कोबाल्ट द्रव असतानाच दाब देतात. तेव्हा ५० ते १०० वातावरणे पुरतात आणि दुसऱ्यांदा तापवण्याचा खर्च वाचतो.