धनुष्याची मूठ : न वाकणाऱ्या लाकडाचा इतिहास

धनुष्य म्हटले की वाकलेला दांडा, ताणलेली दोरी आणि सुटणारा बाण एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या ठिकाणी धनुर्धराचा हात असतो त्या मधल्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या पूर्वजांचे मात्र ते गेले होते. अमरकोशात धनुष्याच्या टोकाला आणि दोरीला जशी नावे आहेत, तसेच या मध्यभागालाही ‘लस्तक’ असे स्वतंत्र नाव नोंदलेले आहे. मराठीत आपण त्यास मूठ म्हणू.

आज स्पर्धांत दिसणारे, टोके पुढच्या बाजूस वळविलेले धनुष्य तीन भागांत सुटे होते. मध्ये मूठ आणि तिच्या वर व खाली पेचाने बसविलेली दोन पाती. पाती वाकतात, मूठ वाकत नाही. ही मूठ लाकडाची करून घरच्या घरी धनुष्य जुळविणारे हौशी कारागीर अमेरिकेत व इतरत्र आजही पुष्कळ आहेत. आपल्या ज्ञातीत रंधा आणि पटाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असल्यामुळे या मुठीचा इतिहास आणि तिची घडण या दोन्ही गोष्टी ज्ञातिबांधवांपुढे ठेवाव्यात, असे आम्हांस वाटले.

प्राचीन काळी धनुष्याचे वर्गीकरण ते कशाचे केले आहे यावरून होत असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा द्रव्यांवरून धनुष्यांचे प्रकार सांगितले आहेत. आरियन या ग्रीक लेखकाने भारतीय पदातींच्या धनुष्याचे वर्णन केले आहे. ते पुरुषभर उंचीचे असून त्याचे खालचे टोक जमिनीवर टेकवून व डाव्या पायाचा आधार देऊन ओढीत, असे तो म्हणतो. एकाच दांड्याच्या अशा धनुष्यात मूठ म्हणजे त्याच दांड्याचा मधला भाग असे. मध्य आशियातील कारागिरांनी याहून निराळी रचना केली. लाकडाच्या गाभ्याला आतून शिंग व बाहेरून स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून त्यांनी आखूड परंतु जबर धनुष्य सिद्ध केले, आणि त्यात मधला भाग जाणूनबुजून ताठ ठेवला. मूठ स्थिर राहिली म्हणजे पात्यांचे सर्व बळ बाणास मिळते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

धनुष्य मधून सुटे करण्याची कल्पनाही नवी नव्हे. संग्रहालयांत जपलेल्या भारतीय पोलादी धनुष्यांपैकी काही मुठीपाशी पेच फिरवून दोन भागांत वेगळी होतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घोडागाडीतून नेता यावीत म्हणून मध्यभागी धातूच्या नळीने जोडलेली धनुष्ये करीत. परंतु या सर्वांत सांधा हा प्रवासाच्या सोयीपुरता होता. मुठीचा स्वतंत्र विचार होण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो विचार मुख्यतः अमेरिकेत झाला.

तेथे मॉरिस थॉम्प्सन या लेखकाच्या १८७८ मधील पुस्तकाने धनुर्विद्येची हौस जागी झाली आणि १८७९ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक आदिवासी पुरुष एकटाच सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ज्यांचा संहार केला त्या याही लोकांपैकी तो अखेरचा उरलेला होता. त्याने आपले नाव कधी सांगितले नाही. त्यास ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘मनुष्य’, असे म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला, आणि डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी धनुष्य करण्याची व चालविण्याची त्याची पद्धत त्याच्यापासून शिकून घेतली. १९१६ मध्ये क्षयाने इशीचा अंत झाला. पोप यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे ती विद्या हजारो घरांत पोहोचली. ज्यांच्या पुढच्या पिढीला ती वारशाने मिळावयाची, ते लोकच उरले नाहीत. एका परक्याने ती आदराने शिकून लिहून ठेवली, म्हणून ती टिकली. परंपरागत हुन्नर असलेल्या कोणत्याही समाजाने ही हकीकत विसरू नये.

यानंतर शास्त्रज्ञ पुढे आले. क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणाने सुटणाऱ्या बाणाच्या हालचाली टिपल्या. बाण मुठीला वळसा घालताना सापासारखा डुलतो, हे त्यात स्पष्ट दिसले. हिकमन, नॅगलर आणि क्लॉपस्टेग या तिघांचे संशोधन १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आले. इंग्लिश धाटणीच्या जाड, गोलसर पात्यांपेक्षा रुंद व चपटी पाती श्रेष्ठ ठरतात, हे त्यांनी गणिताने व प्रयोगाने दाखविले. चपटी पाती आली, तशी ती धरून ठेवणारी जाड व ताठ मूठ आली. बाणाला फार वळसा पडू नये म्हणून मुठीच्या वर लाकूड कापून खिडकी ठेवण्याची पद्धतही रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व नवे चिकट द्रव हाती आले. मिशिगनमधील फ्रेड बेअर आणि सेंट लुई येथील अर्ल हॉइट यांनी त्यांचा उपयोग करून घेतला. शिकारी लोक विमानाने दूरदूर जाऊ लागले होते, आणि पाच-सहा फुटांचा अखंड दांडा बरोबर नेणे अवघड होते. शिवाय अखंड धनुष्याचे एक पाते मोडले तर सारेच धनुष्य वाया जाई. सुट्या धनुष्यात मूठ तीच ठेवून पाती तेवढी बदलता येतात. कमी जोराच्या पात्यांवर शिकलेला मुलगा पुढे जास्त जोराची पाती लावू शकतो. १९७०च्या सुमारास बेअर यांनी हत्यारावाचून सुटे होणारे धनुष्य बाजारात आणले. १९२० नंतर ऑलिंपिकमधून गेलेली धनुर्विद्या १९७२ मध्ये म्युनिक येथे परतली, आणि त्या दशकात स्पर्धकांच्या हाती धातूची मूठ स्थिरावली. टोकियोच्या ज्या ऑलिंपिक स्पर्धा २०२१ मध्ये झाल्या, त्यांत सातारा जिल्ह्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव याच प्रकारच्या धनुष्याने खेळले.

मग लाकडी मूठ मागे पडली काय? स्पर्धेच्या वरच्या पायरीवर पडली, हे खरे. परंतु जेथे करणाऱ्याचा हात हेच मुख्य भांडवल, तेथे ती टिकून आहे. पाती घरी करणे कठीण असते. मूठ मात्र कसबी सुतारास साध्य आहे. तिची घडण थोडक्यात सांगतो.

मुठीसाठी सुमारे दोन फूट लांब, दोन इंच रुंद आणि तीन इंच खोल असा ठोकळा लागतो. लाकूड कठीण, पूर्ण वाळलेले, बिनगाठीचे आणि सरळ तंतूंचे असावे. शिसव उत्तम. सागवानात तेल असल्याने जोड नीट बसत नाही, म्हणून चिकटविण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग तेलनाशक द्रवाने पुसावा लागतो. अखंड लाकडापेक्षा तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवून केलेला ठोकळा अधिक विश्वासाचा असतो, कारण एका पट्टीतील दोष दुसरी सावरते. धनुष्य ओढले असता मुठीची बाहेरची, म्हणजे लक्ष्याकडील बाजू ताणली जाते आणि आतील बाजू दाबली जाते. तंतू तिरके असतील तर तडा प्रथम बाहेरच्या बाजूस जातो. हात धरण्याची बारीक जागा, खिडकीचा खालचा कोपरा आणि पेचाची भोके ही तीन मर्मस्थाने होत.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. ठोकळा चौकोनी असतानाच मध्यरेषा आखावी, पात्यांच्या दोन्ही बैठका कापाव्यात आणि पेचांची भोके पाडावीत, कारण गुण्या लावण्यास सरळ बाजू तेव्हाच मिळते. आधी मुठीचा सुंदर आकार काढून मग भोके पाडू पाहणारास रेषा सापडत नाही. भोकांत पितळेची आटे असलेली नळी बसवावी, नाही तर वारंवार फिरणारा पेच लाकूड खाऊन टाकतो. बैठकीचा उतार आपल्याजवळील पात्यांवरून ठरवावा. बैठक बाजूस अर्धा अंश जरी कलली, तरी वीस इंच लांबीच्या पात्याचे टोक सुमारे एक षष्ठांश इंच सरकते. मुठीपाशी डोळ्यांना न दिसणारा दोष टोकाशी असा दिसू लागतो, आणि दोरी पात्याच्या मध्यावर बसत नाही.

म्हणून पाती लावून, टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून तो तिन्ही भागांच्या मध्यरेषेवरून जातो की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर खिडकी कापावी. उजव्या हाताने ओढणारासाठी ती त्याच्या डाव्या बाजूस येते. खिडकीचे कोपरे काटकोनी न ठेवता गोल ठेवावेत, कारण तडा काटकोनातच सुरू होतो. शेवटी कानशीने हाताची जागा घडवावी आणि दमट हवेपासून बचाव म्हणून तेल किंवा वार्निश द्यावे.

पहिली ओढ हाताने कधीही घेऊ नये. मूठ भक्कम आधाराला बांधून, दूर उभे राहून दोरखंड व कप्पी यांनी ती थोडी थोडी ओढावी आणि प्रत्येक वेळी जोड तपासावेत. बाण न लावता ताणलेली दोरी सोडल्यास सर्व जोर धनुष्यातच राहून ते फुटू शकते. फुटलेल्या मुठीचा तुकडा धनुर्धराच्या चेहऱ्याकडेच येतो, हे ध्यानी ठेवून चिकटविण्यात व सुकविण्यात घाई करू नये. संशय आला तर मूठ कितीही देखणी असो, ती मोडीत टाकावी.

आम्ही शाळेत मुलांना शिकविले, त्या काळात हाताने काम करणे हे कमी बुद्धीचे लक्षण मानणारे पुष्कळ पाहिले. त्यांना ही मूठ दाखवावी. तिच्यात भूमितीची मध्यरेषा आहे, पदार्थविज्ञानातील ताण व दाब आहेत, आणि जंगलातून एकट्या आलेल्या इशीपासून हिकमनसारख्या शास्त्रज्ञापर्यंत अनेकांनी धनुष्याविषयी कमावलेले ज्ञान आहे. आपल्या घरांतील जुनी हत्यारे माळ्यावर गंजत पडली असतील, ती खाली काढावीत. ती चालविणारे वडीलधारे अद्याप हयात आहेत, तोवर मुलामुलींना त्यांच्याजवळ बसवावे, आणि ते जे सांगतील ते लिहूनही ठेवावे. इशीपाशी बसण्यास आपले म्हणावे असे कोणी उरले नव्हते. आपल्या घरांत ती उणीव नाही. ती पुढेही न येवो, हीच आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे.