परवाना सरकारचा, किल्ली घरची

सातारा-सांगलीकडे एक समजूत इतकी रुजली आहे की तिच्याविषयी कुणी वादही घालत नाही. पोरगा अठरा वर्षांचा झाला, लायसन्स हातात पडले, की आईबापांचे काम संपले; त्यानंतर घरात गाडीचे नियम घालणे म्हणजे कर्त्या पोरावर अविश्वास. या मताचा आधार पोकळ नाही, म्हणून आधी तोच पुरता मांडतो. वाळवा-कराडकडची पोरे मिसरूड फुटायच्या आत बांधावर ट्रॅक्टर वळवतात. हाताला सफाई असते. कॉलेज लांब, क्लास सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली. गाडीवाचून शिक्षण अडते. आणि सर्वांत वजनदार मुद्दा असा की फार बंधने घातली की पोर खोटे बोलायला शिकते.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

सफाईचेच पाहा. नांगरटीच्या रानात समोरून कुणी येत नाही. पेठ नाक्यावर येते. क्लच आणि ब्रेक महिनाभरात अंगवळणी पडतात. समोरचा आता काय करील, हे ओळखायला पुष्कळ रस्ता नजरेखालून जावा लागतो. परदेशांतल्या अभ्यासांत हेच पुन:पुन्हा दिसले आहे : जाणता माणूस शेजारी असेतो शिकाऊ चालकाचे अपघात कमी असतात, एकट्याने चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत ते एकदम वाढतात, आणि रात्री किंवा बरोबर मित्र असताना धोका आणखी चढतो. म्हणून न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. मधल्या टप्प्यावरच्या चालकाला रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने गाडी चालवता येत नाही आणि मित्रमंडळी बसवता येत नाहीत.

आपल्याकडे असा मधला टप्पा आहे का? नाही. शिकाऊ परवान्यानंतर 30 दिवसांनी चाचणी देता येते. पक्का परवाना मिळाला की रात्रीचा महामार्ग, धुक्यातला यवतेश्वर घाट, मागच्या सीटवरचा दोस्त, सारे एकाच दिवशी मोकळे होते. आपण पोराला पोहायला शिकवतो तेव्हा पाठीला डबा बांधून विहिरीत सोडतो. पुराच्या कृष्णेत ढकलत नाही. मग रस्त्याच्या बाबतीतच ही अक्कल कुठे जाते? कायद्याने न ठेवलेली पायरी फक्त घरच बांधू शकते.

‘कायदा आहे ना’ म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 199-अ नुसार परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी ठरतो : तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण सर्व काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावे लागते. सोळाव्या वर्षीची सवलत आहे ती 50 सीसीपर्यंतच्या, म्हणजे लुनाच्या जमान्यातल्या गाड्यांना. आजच्या 110 सीसीच्या स्कूटरला ती लागू नाही, तरी अकरावीची किती मुले त्याच स्कूटरवर क्लासला जातात! म्हणजे अठराच्या आत कायदा घराला जबाबदार धरतो, आणि अठरानंतर घर स्वत:च हात झटकते.

गरजेचा मुद्दा मी नाकारत नाही. पण गरज दिवसाच्या कॉलेजची आहे, रात्री अकराच्या ढाब्याची नव्हे. गळीत हंगामातली इस्लामपूरकडची रात्र आठवा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, मागचा लाल दिवा उसाआड गेलेला किंवा मुळातच नसलेला. पुढे एखादी ट्रॉली पंक्चर होऊन उभी. तिच्याभोवती धोंडे लावलेले. ट्रॉली निघून जाते, धोंडे तिथेच राहतात. समोरच्या गाडीच्या प्रकाशात डोळे दिपलेल्या नवख्याला यातले काय दिसणार? 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यांत जवळजवळ 75 हजार दुचाकीवरची होती. कारखान्यांनी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावलेच पाहिजेत, पण तोवर नवख्याने हंगामात अंधार पडल्यावर गाडी काढू नये, एवढे तर घराच्या हातात आहे.

राहिला खोटेपणाचा प्रश्न. खोटे नियमाने वाढते की नियमातल्या अन्यायाने? बाप हेल्मेट टाकीवर ठेवून फिरतो आणि पोराला उपदेश करतो, तिथे खोटे वाढणारच. बहिणीला सातच्या आत घरात आणि भावाला मोकळे रान, तिथेही. शिवाय गाडीवर असलेल्या मुलाला ‘कुठे पोचलास’ म्हणून फोन घरूनच जातो. त्याने तो उचलला नाही तर रागावतोही आपणच. नियम दोन्ही बाजूंना बांधणारा हवा : तो गाडीवर असताना घरून फोन जाणार नाही. उशीर झाला, बरोबरचा प्यायला, तर त्याने फोन करावा. घरचे माणूस न्यायला जाईल आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. मोडलेल्या नियमाची किंमतही आधीच ठरलेली असावी : ट्रिपल सीट दिसली की आठवडाभर किल्ली परत. अशा घरात पोराला खोटे बोलायचे कारण उरते का? निवाडा वाचकांनी करावा.

मात्र ज्यांच्या घरी यंदा पहिले लायसन्स आले आहे, त्यांनी कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत एक संध्याकाळ मुलाला, मुलीला समोर बसवून हे ठरवून टाकावे. किल्ली त्यानंतर द्यावी.