पेशव्यांची जागा, गोव्याचा पाद्री

कसबा बावड्यात चर्च म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे कोल्हापुरातले वायल्डर मेमोरियल येते. १८५२ साली रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचे. त्यामुळे ख्रिस्ती म्हणजे मिशन, मिशन म्हणजे शाळा-दवाखाना, आणि हे सारे इंग्रजांच्या मागोमाग आले, असा एक ठोकताळा आमच्याकडे पक्का बसलेला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हा भेद तर बहुतेकांच्या गावीही नसतो. माझ्याही नव्हता. साखर कारखान्यातली कारकुनी करता करता जुनी पुस्तके चाळायचा नाद लागला, एवढीच माझी इतिहासातली पात्रता.

पुण्यात क्वार्टर गेटजवळ एक कॅथलिक चर्च आहे. लोक त्याला सिटी चर्च म्हणतात. त्याचे मूळ १७९२ सालचे आहे आणि जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, चारेक एकरांची, हे वाचले तेव्हा मी हरखून गेलो. गावच्या वाचनालयात व्याख्यान दिले. वास्तूचा फोटो दाखवून म्हणालो, ‘ही पेशव्यांच्या काळची इमारत. याला म्हणतात सहिष्णुता!’ टाळ्या मिळाल्या. त्या वाक्यात दोन चुका होत्या, हे नंतर कळले.

पहिली चूक चर्चच्या आवारातच उघडी पडली. मी भिंतींवरून हात फिरवत होतो, तेव्हा तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी हसून सांगितले, ‘अहो, पेशव्यांनी हे कुठले पाहिले? पहिले देऊळ साधे मातीचे होते. हे आजचे रूप १८५२ नंतरचे.’ म्हणजे पेशवाई बुडून चौतीस वर्षे झाली, तेव्हाचे. ‘देऊळ’ हा त्यांचाच शब्द. मला तो फार आवडला.

दुसरी चूक सुधारायला मात्र काही वर्षे गेली. जागा दिली, पण का दिली?

त्यासाठी त्रेपन्न वर्षे मागे, वसईला जावे लागते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहात कॅथलिकांना आपला धर्म पाळू देण्याचे ठरले, पण युरोपीय पाद्र्यांना जावे लागले आणि त्यांच्या देवळांचा भार गोव्यातल्या देशी पाद्र्यांवर आला. किल्ल्यातल्या चर्चांच्या घंटा हत्तींवरून निघाल्या असे लोक सांगतात. हत्तींचे मला ठाऊक नाही. घंटा मात्र आजही आहेत. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा प्रसिद्धच आहे. भीमाशंकरला आहे. वाईजवळ मेणवलीला आहे. ज्या राज्याने घंटा उतरवल्या, त्याच राज्याने राजधानीत चर्चला जमीन दिली. यातले एकच उचलून भाषण ठोकणारे दोन्ही बाजूंना मुबलक आहेत. मीही त्यातलाच एक होतो.

उत्तर दडले आहे फौजेत. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आपण शाळेत वाचलेला असतो. त्यानंतरच्या तीस वर्षांत कवायती पायदळ आणि तोफा हेच लढाईचे मुख्य अंग झाले. उत्तरेत महादजी शिंद्यांनी द बॉयन या फिरंग्याकडून पलटणी उभ्या केल्या. पुण्यात पेशव्यांच्या चाकरीत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपाई, गोलंदाज होते. त्यांच्यातला एक अधिकारी दों मिगेल द नरोन्य. आपल्या माणसांना प्रार्थनेसाठी जागा हवी, असा अर्ज त्याचा. लग्न, बाप्तिस्मा, मरताना पाद्री, यांची सोय नसेल तर असा शिपाई किती दिवस टिकणार? १७९२ मध्ये सवाई माधवराव अठरा वर्षांचे होते. कारभार नाना फडणविसांचा. नाना हिशेबी माणूस. तोफखाना सांभाळायचा तर तोफखान्याचा देवही सांभाळावा लागतो, एवढे व्यवहारज्ञान त्यांना नक्की होते. मला हे सहिष्णुतेपेक्षा कमी वाटत नाही. उलट, गरजेपोटी दिलेली जागा टिकते. लहरीने दिलेली पुढच्या लहरीने जाते.

चर्चचे नाव पाहिले तरी या शिपायांचे मूळ गाव कळते. ते मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेले आहे. रोमने या श्रद्धेला अधिकृत सिद्धान्ताचा दर्जा दिला तो १८५४ साली. पोर्तुगालच्या राजाने मात्र १६४६ मध्येच या मातेला आपल्या राज्याची रक्षणकर्ती मानले होते. पणजीचे ते पांढरे, उंच पायऱ्यांचे चर्च याच नावाचे. पुण्यातली मंडळी आपले गावदैवत बरोबर घेऊन आली, असेच म्हणायला हवे.

१८१८ नंतर पुण्यात इंग्रजी छावणी पसरली. छावणीत आयरिश सोल्जर होते, तेही कॅथलिक. पण गोव्याचे पाद्री आणि आयरिश पलटणी यांचे सूत कसे जुळावे? १८५० मध्ये सोल्जरांसाठी सेंट पॅट्रिकचे चर्च उभे राहिले. इथून भांडणाचा अध्याय सुरू होतो आणि तो भाषेपुरता नव्हता. पूर्वेकडच्या चर्चांवर पाद्री नेमण्याचा हक्क पोपने पूर्वी पोर्तुगालच्या राजाला दिला होता; त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे १६२२ मध्ये रोमने प्रोपागांदा नावाचे स्वतःचे खाते काढले आणि त्याचे बिशप पाठवायला सुरुवात केली. एकच धर्म, एकच पोप, आणि दोन मालक! मुंबईत १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून बिशप हार्टमन यांना त्या चर्चमध्येच कोंडून राहावे लागले होते. आपल्याकडच्या देवस्थानांच्या वहिवाटीचे दावे ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

१८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत झाला आणि सेंट पॅट्रिक त्याचे कॅथेड्रल ठरले. सिटी चर्च मात्र पाद्रोआदोकडेच, दमणच्या बिशपाखाली राहिले. मैल-दीड मैलावर आपल्याच धर्माचा बिशप बसलेला, आणि कागद जायचे दमणला. १९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात नवा करार झाला, तेव्हा ही दुहेरी सत्ता संपली.

मागच्या खेपेला पुण्याहून परतताना मी वाईला उतरलो आणि रिक्षाने मेणवलीला गेलो. नानांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, घाटावर देऊळ. तिथे ती घंटा टांगलेली आहे. वसईच्या लुटीतली मानतात. कडेवर बाळ घेतलेली मरियेची आकृती आणि १७०७ हे साल अजून वाचता येते. ज्या नानांच्या कारभारात चर्चला जागा मिळाली, त्यांच्याच गावातली ही घंटा. एक बाई नदीवरून आली, ओल्या हातानेच तिने मरियेला नमस्कार केला आणि मग शंकराला. तिला ठाऊक आहे का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. विचारले नाही. कऱ्हाडची एसटी साडेचारला होती.